हातपंप कुणाच्या वस्तीत?

12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले होते. शिक्षक काठियावाडचा. बायको बाळंत झालेली, दोन दिवसांनी आजारी पडली, छाती भरून आली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसाने मध्यस्थी केली तेव्हा तो आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायला लावले. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या तोंडात. परतही त्याच वाटेने आले. डॉक्टरने लांबूनच न्यूमोनियाचे निदान केले, दोन रुपये फी घेतली आणि निघून गेला. बाई वाचली नाही. बाबासाहेबांनी हे पत्र आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत जसेच्या तसे घेतले आहे.

या डॉक्टरचे शिक्षण कमी पडले नव्हते. न्यूमोनिया त्याने बरोबर ओळखला. त्याच्याकडे औषध होते, ज्ञान होते, उपकरण होते. नव्हता तो फक्त नाडीवर ठेवायचा हात. पुढे 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. 1976 पासून आपण त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो. त्याच्या कलम 5 मध्ये दवाखान्यात आणि रुग्णालयात अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला आहे. कलम 4 मध्ये विहीर, नळ, पाणवठा आहे. आमच्या वकिलीच्या वर्षांत कलम 5 खाली शिक्षा झालेली आम्ही पाहिली नाही. नाकारणारा कधी 'तू अस्पृश्य आहेस' म्हणून नाकारत नाही, तो म्हणतो, कॉट शिल्लक नाही.

म्हणून नगर जिल्ह्यातल्या एका डॉक्टर दांपत्याविषयी आज लिहावेसे वाटते. 2024 पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, आणि ज्या चौंडीमुळे ते झाले ती चौंडी याच जामखेड तालुक्यातली. जामखेड म्हटले की चौंडी आठवते, खर्ड्याची 1795 ची लढाई आठवते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे ही नावे मात्र आमच्या चळवळीतल्या तरुणांना सांगावी लागतात. मॅगसेसे पुरस्काराच्या यादीत 1979 साली दोघांचे नाव एकत्र आहे, रजनीकांत आरोळेंना 1990 साली पद्मभूषण मिळाले. पुरस्कारांचे कौतुक आम्हाला बेताचेच. आमचा मुद्दा वेगळा आहे. सरकार आणि वर्तमानपत्रे आरोळेंना 'ग्रामीण आरोग्याचे जनक' म्हणून ओवाळतात. त्यांनी जातीच्या विरोधात जे केले ते मात्र सोयीस्करपणे गाळतात. आरोग्य हा त्यांच्यासाठी माणसाच्या हक्काचा प्रश्न होता, आणि हक्काचा प्रश्न म्हटला की आपल्या देशात जात आलीच.

दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. 1960 साली लग्न झाले. त्यानंतर काही वर्षे नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केले. तिथे त्यांना एक गोष्ट टोचू लागली. जुलाबाने सुकलेले मूल यायचे, सलाईन लावून बरे व्हायचे, घरी जायचे, आणि पुन्हा त्याच आजाराने परत यायचे. पुढच्या वेळी कदाचित यायचेच नाही. दवाखाना चांगला चालत होता, पण गाव जिथल्या तिथे होते. दोघे अमेरिकेला गेले, शस्त्रक्रिया आणि वैद्यकशास्त्राचे पुढचे शिक्षण घेतले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथेच राहता आले असते. 1970 साली ते जामखेडला आले. नगरहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा कायम दुष्काळी तालुका, ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचा. सुरुवातीला जागा मिळाली ती गुरांच्या दवाखान्याची जुनी इमारत. आठ गावे आणि सुमारे दहा हजार माणसे एवढ्यावर काम सुरू झाले. त्या वेळच्या त्यांच्या पाहणीत हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. म्हणजे साधारण दर सहा बाळांमागे एक.

पुढे आला 1972 चा दुष्काळ. तो ज्यांनी पाहिला ते सुकडी आणि खडी फोडण्याचे काम विसरलेले नाहीत. जामखेडच्या गावांत पाण्यासाठी बोअर घ्यायचे ठरले. इथे आरोळेंनी जे केले ते डॉक्टरकीच्या कुठल्याही पुस्तकात नाही. हातपंप दलित वस्तीत बसले पाहिजेत, असा आग्रह त्यांनी धरला. गावाला पाणी हवे आहे ना? मग पाणी तिथे आहे, या आणि भरा. सवर्णांच्या बायका घागर घेऊन महारवाड्यात, मांगवाड्यात येऊ लागल्या. तहान लागल्यावर विटाळ किती टिकतो हे त्या दुष्काळाने दाखवले.

बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या माणसाला यातले मर्म वेगळे सांगावे लागत नाही. 1923 साली बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना महाडला जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यावे लागले. त्यानंतर दहा वर्षे कोर्टकज्जा चालला आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. इतके करूनही 1972 साली मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव दोन पाणवठे होतेच. महाडात आपण त्यांच्या पाण्याकडे गेलो. जामखेडला पाणी आपल्या दारात आणले गेले आणि येण्याची पाळी त्यांच्यावर आली. महाडचा सत्याग्रह हा आमच्या हक्काचा उच्चार होता, त्याची सर कशालाच नाही. पण वस्तीतल्या हातपंपाने जे घडले तेही हलके समजू नये. खालच्याने वरच्याकडे मागायला जायचे, ही जातीची जुनी रीत. तीच इथे उलटी झाली.

त्याच 1972 साली पुण्यात आणखी एक डॉक्टर पाण्याच्याच प्रश्नाने पेटला होता. डॉ. बाबा आढाव. आयुर्वेदाचे डॉक्टर, हमालांचे पुढारी. 'एक गाव एक पाणवठा' ही त्यांची मोहीम गावोगाव फिरली. त्यांनी दवाखाना सोडला आणि रस्ता धरला, हमाल पंचायत, धरणग्रस्त, देवदासी, नामांतर असा तो रस्ता 8 डिसेंबर 2025 ला वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी थांबला. आरोळेंनी दवाखाना सोडला नाही. एकाने सभा घेतल्या, सत्याग्रह केले, तुरुंग पाहिला. दुसऱ्याने बोअरची जागा ठरवली. यांत थोर कोण हा वाद आम्ही घालणार नाही, चळवळीला दोघांचीही गरज होती. मात्र आपल्याकडे एक समज आहे की हक्काची लढाई मोर्चानेच होते आणि सेवेचे काम म्हणजे जखमेवर नुसती मलमपट्टी. बहुतेक सेवाभावी संस्था पाहता हा समज खोटा नाही. गरिबाला गोळ्या वाटतात आणि गावची उतरंड तशीच ठेवतात. जामखेडचे वेगळेपण असे की तिथे उतरंडीलाच हात घातला गेला.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसते ते गावच्या आरोग्य कार्यकर्तीत. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत नेमून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या गावात एकट्या मुलीने राहणे कठीण, आणि गावही तिचे ऐकेना. मग गावातलीच बाई निवडायची असे ठरले. निवडायची गावाने. ज्या बाया आल्या त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. शिकायच्या काय? गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, मुलाचे वजन, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे, क्षयरोग्याने गोळ्या मध्येच सोडू नयेत म्हणून पाठपुरावा. परत गावी गेल्यावर घरोघर जाऊन हेच सांगायचे. हे एखाद्या शिबिरापुरते नव्हते, वर्षानुवर्षे चालले.

इथे एक शंका आमच्या मनात आली, आणि वाचकांच्याही येईल. बाळंतपण करणे, नाळ कापणे हे तर पूर्वीपासून मांगिणीकडे किंवा महारणीकडेच होते! विटाळाचे काम म्हणून ते आपल्या बायांवर टाकलेले होते. मग दलित बाईने सवर्णाच्या घरी बाळंतपण केले यात क्रांती कसली? फरक असा की जुनी सुईण मागच्या दाराने यायची, घाण काढायची, पसाभर दाणे पदरात घेऊन निघायची, आणि तिने शिवलेले सारे धुतले जायचे. जामखेडची बाई पुढच्या दाराने आली. तिच्या हातात वजनकाटा होता, गोळ्यांची पेटी होती. 'सुनेला दोन घास जास्त खाऊ घाला' हे ती सासूला सांगत होती आणि सासूला ते ऐकावे लागत होते. तिच्या हातचे साखर-मिठाचे पाणी पाटलाच्या नातवाच्या घशाखाली उतरत होते. घाण काढण्याचे काम आणि ज्ञान देण्याचे काम यांत हा फरक आहे. ज्यांच्या कानांवर ज्ञान पडू द्यायचे नाही असे धर्मग्रंथांनी सांगितले, त्यांतली निरक्षर बाई आता गावाला शरीरशास्त्र सांगत होती.

आरोळेंच्या कामात स्त्री मध्यभागी होती, तेही उगीच नाही. बाईच्या देहावर तिचा हक्क हा विषय बाबासाहेबांनी किती आधी मांडला ते पाहा. 1928 साली मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. 10 नोव्हेंबर 1938 रोजी संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आला, तो मांडणारे स्वतंत्र मजूर पक्षाचे प्र. ज. रोहम हे नगर जिल्ह्यातलेच आमदार होते. ठराव मोठ्या फरकाने पडला. बाळंतपणात मरणारी बाई हा राजकारणाचा विषय आहे, हे त्या सभागृहाला पटले नाही. रोहमांच्या जिल्ह्यात ते काम तीन दशकांनी हातात घेतले एका डॉक्टरीणबाईने. मेबल आरोळे पुढे युनिसेफच्या दक्षिण आशिया कार्यालयात सल्लागार झाल्या आणि 1999 च्या सप्टेंबरात गेल्या. त्यांचे नाव नवऱ्याच्या नावामागे झाकले जाते, हे आम्हाला खटकते. जामखेडच्या कामाचा अर्धा भार त्यांचा होता.

परिणाम काय झाला? 176 चा तो आकडा 1990 च्या दशकात तिशीच्या खाली आला होता. 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकल्पाच्या गावांची आसपासच्या इतर गावांशी तुलना केली आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी दिसला. त्याआधी 1975 सालीच या संघटनेने जगभरच्या प्रयोगांवर काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होते, आणि 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात आरोग्य हा मूलभूत मानवी हक्क म्हणून लिहिला गेला तेव्हा जामखेडचा अनुभव जगापुढे होता. आपल्या संविधानात सार्वजनिक आरोग्य कलम 47 मध्ये आहे, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत. कोर्टात जाऊन मागता न येणाऱ्या भागात. ते जगण्याच्या हक्काला, कलम 21 ला, जोडून घ्यायला वेळ लागला. 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की जखमीला वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य. 1996 साली बंगालमधल्या शेतमजूर समितीच्या खटल्यात म्हणाले की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम 21 चा भंग आहे.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यासोबत 'आशा'. अभियानाच्या सुकाणू समितीवर डॉ. आरोळे होते. गावातली बाई गावाच्या आरोग्याची राखणदार, ही कल्पना जामखेडसारख्या प्रयोगांतूनच दिल्लीला गेली. पण दिल्लीत गेलेली कल्पना गावात परतली तेव्हा तिचे काय झाले होते? 'आशा'साठी शक्यतो आठवी पास असण्याची अट आली, पुढे ती वाढली. म्हणजे ज्या निरक्षर बायांनी जामखेड घडवले त्या या नियमाने बाहेरच राहिल्या असत्या. आठवी पास सून कुणाच्या घरात सापडणार होती, 2005 सालच्या खेड्यात? दर आठवड्याच्या शिक्षणाच्या जागी पहिल्या वर्षी 23 दिवसांचे प्रशिक्षण आले. तिला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले गेले, पगाराऐवजी प्रत्येक कामामागे मोबदला लावला. एक बाळंतपण दवाखान्यात नेले की इतके, एक लसीकरण झाले की इतके. कोरोनाच्या साथीत याच बाया दारोदार फिरल्या. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या आशांना आझाद मैदानावर बसावे लागले, तेव्हा कुठे मार्च महिन्यात राज्य सरकारने दरमहा 5,000 रुपयांची वाढ मान्य केली. सरकारने जामखेडमधून स्वस्तपणा तेवढा उचलला. दलित बाईला पुढच्या दाराने नेण्याचा भाग जामखेडलाच राहिला.

आता जे लिहायचे ते लिहिताना जड जाते. 28 एप्रिल 2014. खर्डा, तालुका जामखेड. नितीन आगे हा सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला शाळेतून ओढत नेऊन मारहाण झाली, त्याचा जीव घेतला, प्रेत झाडाला लटकलेले सापडले. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार फुटले होते. एकामागून एक, पिंजऱ्यात उभे राहून, आपण काही पाहिले नाही म्हणाले. ज्या तालुक्यात दलित वस्तीतल्या हातपंपावर अख्खे गाव पाणी भरत होते, त्याच तालुक्यात एका दलित पोराने सवर्ण मुलीशी बोलणे हा देहदंडाचा गुन्हा ठरला. पाणी एक झाले, सोयरीक झाली नाही. बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या विध्वंसाचा उपाय सांगताना सहभोजनावर न थांबता आंतरजातीय विवाहावर बोट ठेवले होते, ते याचसाठी. डॉ. आरोळे 25 मे 2011 ला वारले, त्यांनी खर्डा पाहिला नाही. त्यांच्या कामाने खर्डा थांबायला हवा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण जामखेडला जात संपली, असे कुणी प्रशस्तिपत्र देत असेल तर त्याने खर्ड्याच्या त्या झाडाखाली उभे राहून ते द्यावे.

याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, जिथे आरोळे दांपत्याने वडाळ्याला पहिली वर्षे काढली, सोनई आहे. तिथे जानेवारी 2013 मध्ये तीन दलित तरुणांची हत्या करण्यात आली. तो खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला आणि जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. एका जिल्ह्यातले दोन खटले, दोन निकाल. आमच्या मते गावच्या दहशतीपासून खटला किती लांब गेला, याचा या फरकाशी मोठा संबंध आहे. खर्ड्याची घटना घडली तेव्हा अॅट्रॉसिटी कायद्यात साक्षीदारांच्या संरक्षणाचे कलम 15-अ नव्हते, ते 26 जानेवारी 2016 पासून लागू झाले. खटल्याच्या निकालापूर्वी ते अमलात होते. उपयोग झाला नाही.

आणि डॉक्टर? अॅट्रॉसिटीच्या खटल्यात सगळ्यांत आधी कागद लिहितो तो पोलीस नव्हे, बहुतेक वेळा डॉक्टर. जखमेचा दाखला. आमच्यासमोर असे दाखले आले आहेत की डोक्याला आठ टाके पडलेल्या बाईच्या कागदावर 'साधी जखम' लिहिले आहे आणि हत्याराच्या रकान्यात 'पडल्यामुळे शक्य'. एका ग्रामीण रुग्णालयातल्या साहेबांना आम्ही उलटतपासात विचारले, इतक्या उंचीवरून पडायला बाई झाडावर चढली होती का? कोर्टात हशा झाला, पण खटला गेला तो गेलाच. हा डॉक्टर थर्मामीटर मुसलमानाच्या हाती देणाऱ्या त्या काठियावाडच्या डॉक्टरचाच वारस. हात लावतो, पण खरे लिहीत नाही. आरोळेंसारखे आयुष्य वाहून देणे सगळ्यांना जमणार नाही. आमच्या समाजातून आता शेकडो मुले-मुली एम.बी.बी.एस. होतात, सरकारी नोकरीत तालुक्याला जातात. रात्री दोन वाजता वस्तीतून आणलेल्या माणसाची जखम सेंटिमीटरमध्ये मोजून, हत्याराचा प्रकार लिहून, खाली सही करणे एवढे त्यांनी केले, तरी आमच्यासारख्या वकिलांचे अर्धे काम होते.

राहिला हातपंपाचा प्रश्न. 15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशन जाहीर झाले, घरोघर नळ. पाण्याची टाकी गावात कुठे बांधली, बौद्धवाड्यातल्या नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, शेवटच्या घरापर्यंत दाब पोहोचतो का, गावच्या आशाताई महिन्यातून किती वेळा आपल्या गल्लीत येतात, त्यांच्या नोंदवहीत आपल्या वस्तीतल्या किती गरोदर बायांची नावे आहेत, हे जामखेडपासून नंदुरबारपर्यंत कुठल्याही गावात विचारता येते. माहितीच्या अधिकारात ग्रामपंचायतीच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहिती अधिकाऱ्याकडे वेगवेगळे अर्ज करावे लागतील, कारण पाणी एकाकडे आणि आशा दुसऱ्याकडे. नोंदवहीतली नावे कुणी देणार नाही, देऊही नयेत, वस्तीनिहाय संख्या मागावी. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाची प्रत जोडली तर तोही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत आले नाही तर पहिले अपील करायचे आहे, हे तारखेसह आधीच वहीत लिहून ठेवावे.